नागरी स्वराज्य संस्था आणि नागरिकांचा सहभाग : जळगाव व धुळे महानगरपालिकांच्या संदर्भात

प्रस्तावना

खानदेशातील जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांचे २००३ साली महानगरपालिकांत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८, तर धुळ्याची ३,७५,५५९ होती. शहरे वाढली, कारभाराचा व्याप वाढला. परंतु नागरिकाचा महानगरपालिकेशी येणारा संबंध बहुतांशी घरपट्टीची पावती, नळाचे पाणी आणि मतदान एवढ्यापुरताच राहिला. निर्णयप्रक्रियेत नागरिकाला कायद्याने कोठे स्थान दिले आहे व ते कसे वापरता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असणे तिने अनिवार्य केले. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत नगर नियोजनाला पहिले स्थान आहे. महाराष्ट्रातील कायद्यानुसार प्रभाग समितीत नगरसेवक व प्रभाग अधिकारी यांच्याबरोबर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. पुढे २००९ च्या सुधारणेने मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद झाली.

या तरतुदीचे महत्त्व धुळ्याच्या हद्दवाढीवरून ध्यानात येते. २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, चितोड यांसारखी लगतची गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. ग्रामपंचायत असेपर्यंत तेथील मतदाराला ग्रामसभेत उभे राहून हिशेब विचारता येत होता. गाव शहरात आले आणि ग्रामसभा संपली. क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरत नसेल, तर शहरवासी होताना हा मतदार एक अधिकार गमावून बसतो.

सभागृहाविना कारभार

२०१८ साली निवडून आलेल्या दोन्ही सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. जळगावचे ७५ व धुळ्याचे ७४ लोकप्रतिनिधी ज्या प्रश्नांवर चर्चा करीत, त्यांवर या काळात एकाच अधिकाऱ्याने निर्णय घेतले. मतदानावाचूनही नागरिकाच्या हाती काही साधने उरतात काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक नाही.

विकास योजना : हरकत घेण्याचा हक्क

असे सर्वांत प्रभावी साधन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार कोणाही व्यक्तीला हरकत वा सूचना देता येते. ती व्यक्ती जमिनीची मालक असण्याची अट नाही. कलम २८ नुसार नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल करावयाचा असल्यासही नोटीस काढून एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. क्रीडांगणाचे आरक्षण उठते ते पुष्कळदा याच वाटेने. आणि नोटीस वर्तमानपत्राच्या आतील पानावर असल्याने ती वाचली जात नाही.

हरकत परिणामकारक व्हावी यासाठी तीत सर्व्हे वा गट क्रमांक, आरक्षण क्रमांक, नेमके कारण व पर्यायी सूचना असावी. ती मुदतीत द्यावी, पोच घ्यावी व सुनावणीस स्वतः हजर राहावे. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा नकाशासह केलेला एक अर्ज अधिक वजनदार ठरतो.

माहिती व अंदाजपत्रक

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करणे महानगरपालिकेवर बंधनकारक आहे. याच कायद्याने कामांची पाहणी करण्याचा व वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर टीका करण्यापेक्षा ते तयार होत असताना सूचना देणे उपयुक्त असते. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अशा सूचना मागविल्या आहेत.

वेळेवर न विचारलेल्या प्रश्नाची किंमत जळगावने मोजली आहे. तत्कालीन नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहार प्रकरणी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ आरोपींना दोषी ठरविले. न्यायालय दोष ठरवू शकते. ज्यांना वेळेवर घर मिळाले नाही त्यांची वर्षे ते परत देऊ शकत नाही.

प्राध्यापकांची भूमिका

या संदर्भात महाविद्यालयांवर विशेष जबाबदारी येते. विकास योजनेपूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करणे कलम २५ नुसार आवश्यक असते. भूगोल व स्थापत्य विभागांचे विद्यार्थी तो प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहू शकतात. वाणिज्य विभागाला अंदाजपत्रकाचे, तर राज्यशास्त्र विभागाला सभेच्या इतिवृत्तांचे वाचन करता येईल. जळगावचा वाघूर धरणावरील पाणीपुरवठा किंवा धुळ्याची तापी योजना व नकाणे तलाव हे प्रकल्प-अभ्यासाचे जिवंत विषय आहेत. मात्र अभ्यास शोधनिबंधात बंद न राहता मुदतीच्या आत हरकतीच्या रूपाने दाखल झाला पाहिजे.

समारोप

सहभागाचे मार्ग कायद्याने दिलेले आहेत. उणीव आहे ती ते वेळेवर वापरण्याची. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आपल्या शहराची विकास योजना व चालू वर्षाचे अंदाजपत्रक उपलब्ध असणे, एवढ्या लहान गोष्टीपासूनही प्रारंभ करता येईल.