आजीचं तांब्याचं कडं हिरवं का पडलं?

मागच्या दिवाळीत मी आजीचं तांब्याचं कडं घासून दिलं. दोन जाड तारांना पीळ देऊन केलेलं, साधंच. मनगट सुजत होतं म्हणून तिने ते काढून ठेवलं होतं. लिंबाची फोड घेतली, वर मीठ भुरभुरलं, दोन मिनिटं चोळलं, कडं लखलखीत! नळाखाली धरलं, नॅपकिनने पुसलं, कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिलं.

गणपतीत पिशवी उघडली, तर पिळाच्या फटीफटीत हिरवी भुकटी. आजी एवढंच म्हणाली, "तीस वर्षं हातात होतं गं, कधी असं झालं नाही."

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे हे वाक्य जरा लागलंच. पण नंतर लक्षात आलं की आजीने तक्रार केली नव्हती, तिने एक निरीक्षण सांगितलं होतं. तीस वर्षं घामात राहून जे झालं नाही, ते नऊ-दहा महिने बंद पिशवीत झालं. म्हणजे मधे काहीतरी बदललं, आणि तो बदल मीच केला होता.

रंग बघून काय कळतं?

नवं तांबं गुलाबीसर असतं. हवेत राहिलं की त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि ते तपकिरी दिसायला लागतं. हा थर पृष्ठभागाला घट्ट धरून असतो आणि आतल्या धातूची झीज बरीच मंदावतो. आजीच्या कड्यावर तीस वर्षं हाच थर होता, आणि मी तो 'मळ' समजून काढून टाकला.

काळा रंग दोन कारणांनी येतो. एक म्हणजे क्युप्रिक ऑक्साइड, जे तांबं तापवल्यावर दिसतं. दुसरं म्हणजे कॉपर सल्फाइड. गंधक असलेल्या वस्तूंजवळ, उदाहरणार्थ रबर बँड किंवा लोकर, दागिना ठेवला की हा काळेपणा येतो. ऑक्साइड लिंबाने निघतं, सल्फाइड सहजी निघत नाही. 'अँटिक फिनिश'च्या दागिन्यांवर हा काळा थर मुद्दाम दिलेला असतो, तो घासायचा नसतो.

हिरवा रंग म्हणजे एकच पदार्थ नव्हे. कार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, अॅसिटेट अशी तांब्याची अनेक संयुगं हिरवी किंवा निळसर हिरवी असतात. बोटावर अंगठीखाली उमटणारा हिरवा पट्टा हाही यातलाच प्रकार. घामातलं मीठ, लॅक्टिक आम्ल, त्वचेवरची तेलकट आम्लं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांब्याचे क्षार तयार करतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, त्याच्याच जवळची ही गोष्ट. बोटावरचा पट्टा साबणाने जातो आणि सहसा त्रास देत नाही. खाज किंवा पुरळ आलं तर आधी दागिन्यात निकेल आहे का ते बघावं. निकेलची अॅलर्जी तांब्याच्या अॅलर्जीपेक्षा खूप जास्त आढळते.

लिंबू आणि मीठ नेमकं काय करतात?

बीएस्सीत आपण शिकतो की तांबं सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढत नाही, कारण त्याचं प्रमाण विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट आहे. मग लिंबू कसं चालतं? लिंबू आधी धातूवर नाही, वरच्या ऑक्साइडवर चालतं. सायट्रिक आम्लात ऑक्साइड विरघळतं. मिठातला क्लोराइड आयन क्युप्रस तांब्याला धरून विद्राव्य जटिल आयन बनवतो, म्हणून मीठ घातलं की काम झटपट होतं.

पण ऑक्साइड गेलं की खालचा धातू उघडा पडतो. हवेतला ऑक्सिजन त्याचं ऑक्सिडीकरण करत राहतो आणि आम्ल ते विरघळवत राहतं. म्हणजे 'जास्त वेळ ठेवलं तर जास्त स्वच्छ होईल' हा हिशोब चुकतो. स्वच्छ झाल्यानंतरचा प्रत्येक मिनिट दागिना झिजवण्यात जातो.

किती झिजतो? ४ मिलिमीटर जाडीची, २० सेंटिमीटर लांबीची तार धरा. पृष्ठभाग साधारण २५ चौरस सेंटिमीटर, वजन साधारण २२ ग्रॅम. एक मायक्रॉनचा थर गेला तर सुमारे २२ मिलिग्रॅम, म्हणजे वजनाचा हजारावा भाग. वजनात ते जाणवत नाही. पण कोरलेल्या बारीक नक्षीच्या कडा प्रत्येक वेळी थोड्या बोथट होतात, आणि त्या परत येत नाहीत.

खरा धोका फटीत मागे राहिलेल्या क्लोराइडचा. तिथे क्युप्रस क्लोराइड तयार होतं. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यापासून हिरवं बेसिक कॉपर क्लोराइड बनतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ऑक्सिजनच्या मदतीने नव्या तांब्यावर चालतं, पुन्हा क्युप्रस क्लोराइड, पुन्हा तेच. क्लोराइड संपत नाही, फिरत राहतं. संग्रहालयांत जुन्या ब्राँझ मूर्तींच्या बाबतीत याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात. तिथे बेंझोट्रायझोलसारखी रसायनं वापरून त्याला आवर घालतात. ते काम प्रशिक्षित लोकांचं, अंगावर घालायच्या दागिन्यावर घरी करायचं नाही.

आधी नमुना, मग सफाई

हिरवी भुकटी दिसल्या दिसल्या माझा हात पुन्हा ब्रशकडे गेला होता. थांबले, कारण ब्रश फिरवला असता तर पुरावाच धुऊन गेला असता. आधी फोटो काढला, मग टूथपिकने चिमूटभर भुकटी कागदावर घेतली आणि प्रयोगशाळेत नेली.

चाचणी तुम्हाला येते तीच, क्षार विश्लेषणातली. भुकटी सौम्य नायट्रिक आम्लात टाकली. फसफसली नाही, म्हणजे कार्बोनेट असण्याची शक्यता कमी. मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, पांढरा साका आला. म्हणजे क्लोराइड!

इथे आनंदाने उडी मारायची नाही. मी तेच आम्ल आणि तेच सिल्व्हर नायट्रेट भुकटी न घालता तपासलं, म्हणजे कोरी चाचणी केली. डिस्टिल्ड पाण्यात काही आलं नाही. नळाच्या पाण्यात मात्र गढूळपणा आला, कारण नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. पहिली चाचणी मी नळाच्या पाण्यात केली असती, तर उत्तर तेच आलं असतं आणि त्याला काडीचाही अर्थ नसता.

आता क्लोराइड आहे हे ठरलं. पण ते माझ्या मिठाचं की आजीच्या घामाचं? चाचणी हे सांगू शकत नाही, कारण क्लोराइडवर मालकाचं नाव नसतं.

बारा तारांचा प्रयोग

वायरिंगच्या दुकानातून उघड्या तांब्याच्या तारेचा तुकडा आणला. (मोटर वाइंडिंगची तार घेऊ नका, तिच्यावर पारदर्शक इनॅमल असतं.) दोन-दोन तारांना पीळ देऊन बारा नमुने केले आणि तीन-तीनचे चार गट पाडले.

पहिल्या गटाला काहीच केलं नाही. दुसरा गट नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून काढला. तिसरा लिंबू-मिठाने घासून, माझ्या दिवाळीच्या पद्धतीने नळाखाली दोन सेकंद धरला. चौथा तसाच घासला, पण साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुतला, डिस्टिल्ड पाण्यात तीन वेळा, दर वेळी नवं पाणी घेऊन, भिजवला आणि हेअर ड्रायरने वाळवला. सगळे नमुने एकाच डब्यात ठेवले, सोबत वाटीत ओला कापूस. झाकण लावलं आणि दहा दिवस वाट पाहिली.

पहिल्या गटात हिरवं दिसलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या सगळ्या नमुन्यांच्या पिळात हिरवं आलं. चौथ्यातले दोन स्वच्छ राहिले, एकात बारीक ठिपका आला.

यावरून काय म्हणता येईल? लिंबाशिवायही हिरवं येतं, म्हणून दोष मुख्यतः मागे राहिलेल्या मिठाचा. नीट धुणं आणि वाळवणं उपयोगी पडतं, पण पिळाच्या दागिन्यात तेही शंभर टक्के नाही. आणि गटात तीनच नमुने असल्यामुळे तो एक ठिपका माझ्या धुण्यातली चूक की नियम, हे मला सांगता येत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमच्या प्रयोगाच्या मर्यादा काय?' असं विचारलं तर उत्तर साधारण अशा आकाराचं असावं.

कडं खरंच तांब्याचं आहे का?

काहीही चोळण्याआधी हे बघायला हवं. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. पितळेवर आम्ल फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसायला लागतो. लोकांना वाटतं आतून तांबं निघालं!

घनतेने ओळखू, असं बऱ्याच जणांना सुचतं. तांब्याची घनता ८.९६, पितळेची साधारण ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पण ५ ग्रॅमच्या अंगठीचं आकारमान तांबं असेल तर ०.५६ आणि पितळ असेल तर ०.५९ घन सेंटिमीटर येतं. पाण्यात बुडवून वजन केलं तर फरक फक्त ०.०३ ग्रॅमचा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो दिसणारच नाही. प्रयोगशाळेतल्या अॅनॅलिटिकल बॅलन्सवर आरामात दिसेल. प्रयोग करण्याआधी हा दोन ओळींचा हिशोब केला की अख्खा दिवस वाचतो.

मग काळजी कशी घ्यायची?

- रोजच्या वापरातला दागिना रात्री काढून मऊ, कोरड्या कापडाने पुसावा. घाम पुसला की निम्मं काम झालं.
- पोहताना, समुद्रात जाताना आणि भांडी घासताना काढून ठेवावा.
- मळ असेल तर आधी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.
- चकाकी हवीच असेल तर मिठाशिवाय लिंबू, एक-दोन मिनिटं. नंतर भरपूर पाणी, शेवटी डिस्टिल्ड पाणी, आणि फटींपर्यंत वाळवणं. खाण्याच्या सोड्याने आम्ल मारलं जातं, पण क्लोराइड निघत नाही. धुणं टाळता येत नाही.
- मोती, पोवळं किंवा शिंपला जडवलेला असेल तर लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीच नको. ते कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लात विरघळतं.
- ठेवताना पूर्ण कोरडा करून, सिलिका जेलच्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत ठेवावा. रबर बँड लावू नये. ओलसर कापूस तर नकोच.

आणि संधिवात?

आजी कडं घालायची ते मनगटाच्या दुखण्यासाठी. १९७६ मध्ये वॉकर आणि कीट्स यांनी तांब्याच्या कड्यांचं वजन करून दाखवलं की वापरताना ते घटतं. हा निष्कर्ष अजूनही जाहिरातींत फिरतो. पण वजन घटलं म्हणजे तांबं कड्यातून गेलं, एवढंच. ते साबणाच्या पाण्यात गेलं, बाहीला लागलं की शरीरात शिरलं, हे काटा सांगत नाही. आणि शरीरात शिरलं तरी दुखणं थांबतं का, हा आणखी वेगळा प्रश्न.

तो प्रश्न यॉर्क विद्यापीठातल्या स्ट्यूअर्ट रिचमंड आणि सहकाऱ्यांनी तपासला. २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ७० रुग्णांनी चार वेगवेगळे पट्टे आळीपाळीने, प्रत्येकी पाच आठवडे वापरले. त्यात तांब्याचं कडं होतं आणि चुंबकत्व काढून टाकलेला पट्टाही होता. वेदना, सूज किंवा आजाराच्या वाढीवर तांब्याचा प्लासिबोपेक्षा अर्थपूर्ण जास्त परिणाम दिसला नाही.

हे मी आजीला सांगितलं. कडं घालू नकोस असं म्हटलं नाही. सुजलेल्या हाताला डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नकोस एवढं म्हटलं. कारण ऱ्हुमॅटॉइडसारख्या आजारात औषध लांबलं तर सांधा कायमचा बिघडू शकतो, आणि तो घासूनपुसून परत येत नाही.

सूज उतरल्यावर कडं आता पुन्हा तिच्या हातात आहे. मी ते चौथ्या गटासारखं धुतलं आणि चमकवलं नाही. दोन महिन्यांत तपकिरी रंग परत धरायला लागलाय. पिळाच्या एका फटीत मात्र अजून जरासं हिरवं आहे. दर महिन्याला मी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढते आणि वहीत तारीख टाकते.