रेडिएटरची नळी चपटी का होते?

शहाळ्याचे पाणी नळीने पिताना कधीकधी मलईचा तुकडा नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. आपण अधिक जोराने ओढतो, आणि पाणी वर येण्याऐवजी नळीच मधोमध चपटी होते. आपल्या ओढण्याने नळी आत खेचली गेली, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे आपण फक्त नळीतला दाब कमी केला. ती चेपली बाहेरच्या हवेने. जुन्या मोटारगाड्यांत नेमके हेच घडते. फरक एवढाच, की तेथे त्यापायी इंजिन तापते आणि गाडी घाटात उभी राहते.

मोटारीत जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीच धुराबरोबर बाहेर पडते, आणि जवळजवळ तेवढीच पाण्याला वाहून न्यावी लागते. इंजिनाभोवती खेळलेले गरम पाणी वरच्या रबरी नळीतून, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत वरच्या 'होज'मधून, रेडिएटरमध्ये येते. तेथील बारीक नळ्यांतून उतरताना ते वाऱ्याने थंड होते व खालच्या होजमधून पुन्हा इंजिनाकडे जाते. अ‍ॅम्बॅसडर (हिचे उत्पादन २०१४ साली थांबले) आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या ओळखीच्या गाड्यांत हे पाणी पंपाने फिरविले जाते. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये, अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या, तर पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे व थंड पाणी खाली उतरे, तेवढ्यावर काम भागे. पंप नाही, म्हणून ओढही नाही!

आता पंपाच्या जागेकडे लक्ष द्या. तो खालच्या होजमधून पाणी ओढतो व इंजिनात ढकलतो. म्हणजे सर्वांत कमी दाब असतो तो खालच्या होजमध्येच. रेडिएटर स्वच्छ असेल तर पाणी सहज येते आणि काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षारांचे थर व गंज साचून बारीक नळ्या अर्ध्याअधिक बुजतात. शहाळ्यातली मलई ती हीच. पंप ओढतो, वरून पाणी पुरेसे येत नाही, आणि होजमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो.

फरक किती पडतो? समजा, होज ४ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब आहे, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला फक्त २०० ग्रॅमने कमी आहे. समोरून दिसणारे क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर; म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे १६ किलोग्रॅमचा भार! उष्णतेने व तेलाच्या थेंबांनी मऊ पडलेले रबर त्यापुढे टिकणार कसे? म्हणून पुष्कळ गाड्यांत खालच्या होजमध्ये तारेची गुंडाळीदार स्प्रिंग बसविलेली असते. तीही साध्या पाण्यात गंजून तुटते, आणि होज बाहेरून धडधाकट दिसत असल्याने ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

या दोषाचा खोडकरपणा असा, की तो पाहायला गेले की लपतो. इंजिन जोरात फिरते तेव्हाच पंपाची ओढ वाढते. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरते, गाडी मात्र सावकाश चालते, म्हणून वाराही कमी. अशा वेळी होज चपटा झाला, की पाण्याचा प्रवाह खुंटतो. चालक गाडी थांबवून बॉनेट उघडतो, तोवर पंप मंदावलेला असतो व होज पुन्हा गोल झालेला असतो. मग दोष फॅनबेल्टवर, पेट्रोलवर किंवा उन्हावर जातो.

रेडिएटरचे झाकणही साधे नव्हे. त्यात दोन झडपा असतात. एक प्रेशर कुकरच्या शिटीसारखी. आतला दाब ठराविक मर्यादेपर्यंत वाढू देणारी. हवेच्या दाबापेक्षा अर्धा किलोग्रॅम अधिक दाब असला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. हाच जादा दाब खालच्या होजला आतून आधार देतो. म्हणून झाकणाचे रबर गळके झाले, की दुहेरी नुकसान: पाणी लवकर उकळते आणि होजही लवकर चेपतो.

दुसरी झडप उलट्या दिशेची. गाडी थांबल्यावर पाणी थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते, दाब घटतो. तेव्हा ही झडप बाहेरून हवा किंवा जादा टाकीतले पाणी आत घेते. ती अडकली, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा दिसतो. वरचा होज थंड इंजिनावर चपटा असेल, तर आधी झाकण पाहावे. खालचा वेगात चपटा होत असेल, तर रेडिएटर.

उपाय त्यावरूनच ठरतात. नुसता जाड होज घालणे हा अर्धा इलाज, कारण बुजलेला रेडिएटर तसाच राहतो. तो उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा, नाही तर उघडून साफ करून घ्यावा. साध्या पाण्याऐवजी गंजरोधक घातलेले शीतक द्रव भरावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी, पण चवीला गोड असते. म्हणून ते मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये. होज थंड असताना दाबून पाहावा. मऊ, फुगलेला किंवा टोकांशी चिरलेला असेल तर बदलावा, आणि जुनी स्प्रिंग गंजली असल्यास नवी घालावी.

गाडी तापलेली असताना झाकण मात्र मुळीच उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांच्या वर तापलेले पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते व भयंकर भाजते. आणि चालू इंजिनातला होज पाहायचा तो जाणत्या मिस्त्रीसमवेत, पंख्यापासून दूर उभे राहून. त्याला अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवायला सांगा आणि नजर खालच्या होजवर ठेवा.