एकच देह, अनेक विद्यार्थी

शरीररचनाशास्त्र हा वैद्यकाच्या अभ्यासातला पहिला विषय. हाड कुठे संपते, स्नायू कुठे चिकटतो, नस कोणत्या वाटेने जाते हे कळल्याखेरीज तपासणी करता येत नाही, शस्त्रक्रिया करता येत नाही, साधे इंजेक्शनही देता येत नाही. म्हणून डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आयुर्वेदाचे वैद्य आणि एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ, सगळ्यांनाच हा विषय शिकावा लागतो. मात्र प्रत्येक जण तो आपापल्या महाविद्यालयात, आपापल्या पुस्तकांतून शिकतो. पुढे नोकरीला लागल्यावर हीच माणसे एका रुग्णाच्या खाटेभोवती उभी राहतात आणि एकमेकांना काय येते याचा अंदाज तिथे, घाईगर्दीत, बांधू लागतात. ही ओळख शिकतानाच का होऊ नये, या प्रश्नातून गेल्या चार दशकांत शिक्षणसंशोधनाची एक शाखा वाढली. तिला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याची व्याख्या अशी केली: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, आणि त्यातून परस्पर सहकार्य व रुग्णांचे आरोग्य सुधारते, ते आंतरव्यावसायिक शिक्षण. नुसते एका वर्गात शेजारी बसणे या व्याख्येत बसत नाही.

गोव्याची पार्श्वभूमी

वेगवेगळ्या वैद्यकपरंपरांची गाठ गोव्यात फार जुनी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मलुपा नावाचा इथला हिंदू वैद्य येतो आणि स्थानिक औषधांची माहिती येते. १८४२ मध्ये पणजीत ‘एस्कोला मेडिको सिरुर्जिका’ हे वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. गोवा मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्याच परंपरेतून गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आजचे गोमेकॉ, उभे राहिले आणि पुढे बांबोळीला हलले.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे उशिरा जिंकलेल्या मुलखातल्या, खेड्यापाड्यांचा भरवसा दीर्घकाळ वैद्य, हाडे बसवणारे आणि सुईणी यांच्यावरच होता. पेडणे महालाशी नाते असलेल्या घराण्यातले भाऊ दाजी लाड मुंबईला गेले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत ते होते. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या भाऊ दाजींनी देशी औषधांचाही अभ्यास केला आणि कुष्ठरोगावर उपचार शोधण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवली.

याच पेडणे तालुक्यात, धारगळ येथे, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या गोवा केंद्राचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले. बांबोळीच्या परिसरात आधीपासून वैद्यकीय महाविद्यालय, १९८० मध्ये सुरू झालेले दंत महाविद्यालय आणि परिचर्या शिक्षण संस्था आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत. इतक्या छोट्या राज्यात शरीररचना शिकवणाऱ्या इतक्या संस्था परस्परांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. मात्र त्यांचे अभ्यासक्रम वेगवेगळ्या राष्ट्रीय परिषदा ठरवतात आणि परीक्षाही वेगळ्या होतात.

कोणाला किती, आणि का

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने शरीररचनाशास्त्राला ६७५ तास दिले. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात याच विषयाला पहिल्या सत्रात ६० तास आहेत. हा फरक समजण्यासारखा आहे. शल्यविशारदाला हाताच्या प्रत्येक नसेची फांदी माहीत असावी लागते. परिचारिकेला मात्र नितंबातील इंजेक्शन वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशातच का द्यायचे, हे पक्के ठाऊक असावे लागते. सुई खाली किंवा आत सरकली तर पायाची मोठी नस, सायटिक नर्व्ह, दुखावते आणि रुग्णाचा पाय कायमचा लुळा पडू शकतो. फिजिओथेरपिस्ट रोज खांद्याचे आणि गुडघ्याचे सांधे हलवतो, म्हणून त्या भागाची त्याची जाण अनेकदा नव्या डॉक्टरपेक्षा खोल असते.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला रचना शारीर हा विषय पहिल्याच टप्प्यात असतो. त्याला दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. सुश्रुतसंहितेत अस्थींची संख्या ३०० सांगितली आहे, चरकसंहितेत ३६०, आणि आधुनिक शास्त्र प्रौढ माणसाची हाडे २०६ मोजते. प्राचीन मोजणीत दात आणि कूर्चा यांचाही समावेश असल्याने आकडे वेगळे पडतात. सुश्रुताच्या शारीरस्थानात शव अभ्यासण्याची पद्धतही दिली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने मरण न आलेला देह निवडायचा, आतड्यांतला मळ काढायचा, गवत-वल्कलांत गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, आणि सात रात्रींनंतर वाळा किंवा बांबूच्या कुंच्याने त्वचेपासून एकेक थर हळूहळू घासत आतले अवयव डोळ्यांनी पाहायचे. पुस्तकी ज्ञान आणि प्रत्यक्ष दर्शन दोन्ही हवे, असा त्यामागचा आग्रह आहे.

माडावरून पडलेला माणूस

एकत्र शिक्षणाची गरज पेडण्या-डिचोलीतल्या नेहमीच्या एका अपघातातून समजते. नारळ किंवा सुपारी पाडताना माणूस उंचावरून पडतो. अशा पडण्यात पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्या आसपासचा भाग सर्वाधिक मोडतो, कारण वरचा ताठ कणा आणि खालचा लवचीक कणा तिथे जुळतात. मज्जारज्जूही कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. म्हणून या ठिकाणी हाड सरकले तर पाय, लघवी आणि शौच यांवरचा ताबा जाऊ शकतो.

अशा रुग्णाला हलवताना डोके, खांदे, कंबर आणि पाय वेगवेगळ्या माणसांनी धरून सगळे शरीर ओंडक्यासारखे एकत्र वळवावे लागते. त्या वेळी हुकूम द्यायचा तो डोके धरणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो की १०८ रुग्णवाहिकेतला कर्मचारी. त्यानंतर आरोग्य केंद्रातील डॉक्टर, एक्स-रे तंत्रज्ञ, बांबोळीचे शल्यविशारद, वॉर्डातल्या परिचारिका आणि घरी परतल्यावर फिजिओथेरपिस्ट अशी साखळी लागते. यातल्या प्रत्येकाला मणक्याची तीच रचना ठाऊक असेल आणि दुसऱ्याला ती कितपत ठाऊक आहे हेही माहीत असेल, तरच निरोप न चुकता पुढे जातो.

असे साखळीचे काम गोव्यात हृदयविकारासाठी उभे राहिले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टेमी’ प्रकल्पात ग्रामीण केंद्रात ईसीजी काढला जातो, तो गोमेकॉतील हृदयरोगतज्ज्ञांकडे पोहोचतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन शक्य तिथे जवळच्याच केंद्रात दिले जाते. यात यंत्राइतकाच ईसीजी काढणाऱ्या हातांवरचा आणि फोनवर बोलणाऱ्या तज्ज्ञावरचा परस्परविश्वास कामी येतो.

संशोधन काय सांगते

स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ मध्ये आरोग्याच्या सर्व शाखांसाठी सामाईक अभ्यास सुरू केला. १९९६ मध्ये तिथे अनेक शाखांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळून चालवतात असा वॉर्ड उघडला. पुढे हा विचार डिसेक्शन हॉलमध्ये आला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये पहिल्या वर्षाचे वैद्यकीय आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी एकत्र शरीररचना शिकले आणि तो अनुभव २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि प्रसूतीसेवा शिकणाऱ्यांचे मिश्र गट दहा आठवडे एकाच शवाचे विच्छेदन करतात.

डिसेक्शन हॉल या कामाला सोयीचा आहे. तिथे सगळे नवखे असतात आणि कोणाकडेही अजून अधिकार आलेला नसतो. देह समोर असल्याने चर्चा ठोस होते. मृतदेहासमोर पहिल्यांदा उभे राहताना येणारी अस्वस्थताही सगळ्यांची सारखीच असते. अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसते ते असे, की दुसऱ्या व्यवसायाच्या भूमिकेची समज वाढते, ठरावीक ग्रह सैल होतात आणि आपल्याला जे येत नाही ते विचारण्याचा संकोच कमी होतो.

मात्र मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. बहुतेक अभ्यास छोट्या, स्वेच्छेने आलेल्या गटांवर झाले आहेत, आणि ज्यांना सहकार्य आवडते तेच अशा वर्गात नाव घालतात. मोजमाप प्रश्नावलीने होते, म्हणजे विद्यार्थ्यांना काय वाटले ते कळते, पण त्यांनी पुढे काय केले ते कळत नाही. आंतरव्यावसायिक शिक्षणाचा कॉक्रेन आढावा २०१३ मध्ये झाला, तेव्हा काटेकोर निकषांत बसणारे जगभरातले फक्त १५ अभ्यास सापडले. त्यांतल्या ७ अभ्यासांत रुग्णसेवेवर किंवा कामावर चांगला परिणाम दिसला, ४ मध्ये संमिश्र आणि ४ मध्ये काहीच फरक नाही. म्हणजे दिशा आशादायक आहे, पण दावा जपून करायला हवा.

एकत्र वर्ग यशस्वी कधी होतो

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे: मिश्र वर्ग आपोआप समतोल होत नाही. ६७५ तास आणि ६० तास शिकलेले विद्यार्थी एका टेबलाशी बसवले तर पहिले शिकवतात आणि दुसरे गप्प राहतात. त्याने जुनी उतरंड अधिकच घट्ट होते. म्हणून गट लहान हवा आणि प्रत्येक व्यवसायाकडे स्वतःचे असे काही शिकवण्यासारखे हवे: परिचारिकेने शीर शोधणे आणि कॅथेटर घालणे, फिजिओथेरपिस्टने सांध्याची हालचाल, आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने मर्मस्थाने आणि त्यांखालच्या रचना, वैद्यकीय विद्यार्थ्याने रक्तवाहिन्यांचा मार्ग. चर्चेसाठी घेतलेले रुग्णाचे प्रकरण स्थानिक हवे. अशा वर्गाला परीक्षेत गुण हवेत, कारण गुण नसलेला वर्ग वेळापत्रकात टिकत नाही. शिक्षकांनाही मिश्र गट हाताळण्याचे प्रशिक्षण हवे. कर्नाटकातील मणिपाल येथे असे प्रशिक्षण दिले जाते.

प्रत्येक वेळी शव लागतेच असे नाही. जिवंत माणसाच्या त्वचेवर अवयवांच्या सीमा रंगवणे, नाडी आणि हाडांचे उंचवटे चाचपणे, सोनोग्राफीवर हृदय पाहणे, यासाठी आरोग्य केंद्राची एक खोली पुरते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम आता अभ्यासक्रमात आहे. डिचोली किंवा पेडण्याच्या गावात त्याच कुटुंबाला नर्सिंगचे आणि आयुर्वेदाचे विद्यार्थीही भेटले, तर एकत्र शिक्षण थेट घरापर्यंत पोहोचेल.

जिथे शव लागते तिथे देहदान हाच त्याचा आधार आहे. पूर्वी बेवारस मृतदेहांवरच भिस्त असे. मुंबई राज्याचा १९४९ चा शरीररचना कायदा त्यासाठीच झाला होता. आता इच्छेने दिलेल्या देहांचे महत्त्व वाढले आहे. त्यासाठी जिवंतपणी इच्छापत्र भरावे, ते नातेवाइकांना सांगून ठेवावे आणि मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर महाविद्यालयाला कळवावे. पोलिसांकडे नोंद होणारे मृत्यू आणि काही संसर्गजन्य आजार यांत देह स्वीकारला जात नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात शवाला पहिला गुरू मानण्याचा पाठ आहे आणि अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी डिसेक्शनपूर्वी शपथ घेतात. अशा दुर्मीळ दानाचा लाभ एका शाखेपुरता न राहता अनेकांना झाला, तर देणाऱ्याचा हेतू अधिक पूर्णपणे साधतो.

गोव्यासारख्या राज्यात हा प्रयोग करणे आणि त्याचे फळ मोजणे, दोन्ही शक्य आहे. संस्था जवळ आहेत, रुग्णांचा ओघ शेवटी बांबोळीकडेच येतो आणि ग्रामीण केंद्रांच्या नोंदी तिथवर पोहोचतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना वर्ग आवडला का, एवढ्यावर न थांबता मणका मोडलेला रुग्ण सुरक्षित हलवला गेला का, इंजेक्शनने होणाऱ्या इजा घटल्या का, घरी परतलेल्या रुग्णाचा व्यायाम चालू राहिला का, हे पाहता येईल. एकत्र शिक्षणावरच्या संशोधनाला सर्वाधिक उणीव भासते ती याच पुराव्याची.