चावीचा आवाज

वडिलांची सकाळ चावीच्या आवाजाने सुरू व्हायची. कर्र, कर्र, कर्र. मग घड्याळ मनगटावर चढायचं. ते गेल्यावर त्यांचं एचएमटी 'जनता' माझ्याकडे आलं. चावी फिरवून पाहिली तर आवाजच नाही, आणि बोट सोडलं की चावी गर्रकन उलटी फिरून मोकळी.

घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. "खटका आहे, त्याची स्प्रिंग नाही. आधी कुणीतरी उघडलंय हे." चिमट्याच्या टोकाने त्यांनी जागा दाखवली. तिथे असायला हवी होती भुवईच्या केसासारखी एक वाकडी तार.

एवढ्याशा तारेवाचून काय अडावं? सगळंच! आपण चावी देतो तेव्हा एका गोल डबीत पोलादी पट्टी गुंडाळली जाते. तिचं आतलं टोक मधल्या दांड्याला अडकवलेलं, बाहेरचं डबीच्या भिंतीला. दांड्यावर दातेरी चाक आणि त्या दातांत रुतलेला खटका. खटका दांड्याला मागे फिरू देत नाही, म्हणून उलगडू पाहणारी पट्टी डबीलाच फिरवते, आणि डबी पुढची सगळी चाकं. एक टोक घट्ट धरलेलं असतं, म्हणूनच दुसरं काम करतं. खटक्याला दातांवर दाबून ठेवते ती हीच हरवलेली तार. आणि ती कर्रकर्र? मला जन्मभर वाटलं, स्प्रिंग आवळली जातेय. खरं तर तो खटका एकेका दातावरून उडी मारत असतो.

पुढचं तर अचाटच आहे. दीड दिवसाची ही ताकद एकदम सुटू नये म्हणून बॅलन्स चाक ती चिमटी-चिमटीने सोडतं: सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. त्याच्या आसाची केसाच्या जाडीची टोकं झिजू नयेत म्हणून ती माणकात फिरतात. घड्याळावरचे '१७ ज्वेल्स' म्हणजे अशीच माणकं. सोनाराकडची नव्हेत, भट्टीत बनवलेली. ही कृती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडलं की आपण कुरकुरतो, पण ती चूक १,४४० मिनिटांत एकाची असते. आपल्यापैकी किती जण इतके नेमके?

तार आणायची कुठून? सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. पण ही मूळची यंत्रं बनवणारी कंपनी. एका साच्यातले भाग इतके सारखे, की एका 'जनता'चा तुकडा दुसऱ्यात चपखल बसतो. घड्याळजींनी कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी टेबलावर उपडी केली. तिच्यातून निघालेल्या, डायल गंजलेल्या, काटे गेलेल्या एका 'जनता'तून त्यांनी तार उचलली, श्वास रोखून बसवली. अशी तार चिमट्यातून निसटली की थेट फरशीवर, आणि मग शोधत बसा. मग त्यांनी चावी द्यायला घड्याळ माझ्या हातात दिलं.

कर्र.

तुमच्या कपाटात बंद पडलेलं एखादं एचएमटी असेल, तर ते भंगारात घालू नका. दुरुस्त करायचं नसेल तर जवळच्या घड्याळजीला देऊन टाका. कुणाच्या तरी वडिलांचं घड्याळ त्यातल्या एखाद्या तारेसाठी अडून बसलेलं असेल.