डुबुक! पाणी किती खाली?

एक गंमत करायची? चल, विहिरीपाशी! (सोबत मोठं माणूस हवंच हं. आणि कठड्यावरून वाकायचं अजिबात नाही!)

एक खडा घे. फेकायचा नाही, ढकलायचा नाही. नुसती बोटं उघडायची! आणि त्याच क्षणी मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू!

एक... दोन... डुबुक!

पाणी किती खाली आहे, सांगू? २० मीटर! सहा मजली इमारत उलटी आत सोडली तर मावेल एवढं! दोर नाही, टेप नाही. नुसते दोन सेकंद मोजले की झालं!

थाप वाटते ना? बरं, बघ तर मग.

बोटं उघडली त्या क्षणी खड्याचा वेग किती? शून्य! मग पृथ्वी त्याला ओढू लागते. दर सेकंदाला त्याच्या वेगात तेवढीच भर पडते: सेकंदाला १० मीटर. (खरा आकडा ९.८, पण आपण कशाला डोकं शिणवायचं!) रोज बरोबर दहा रुपये टाकायचा गल्ला असतो ना, तसंच. एका सेकंदानंतर वेग १०, दोन सेकंदांनंतर २०. वेगात अशी सारखी भर पडत गेली की त्याला म्हणतात एकसमान त्वरण. नाव भारदस्त, पण आत आपला गल्लाच!

आणि सेकंदाला २० मीटर म्हणजे किती, माहितीये? ताशी ७२ किलोमीटर! चांगल्या रस्त्यावर पळणारी एसटीच की! एवढासा खडा, आणि दोनच सेकंदांत!

आता सांग, पहिल्या सेकंदात खडा किती मीटर खाली गेला? १०?

फसगत झाली! सुरुवातीला वेग होता शून्य, शेवटी झाला १०. गणिताच्या दोन चाचण्यांत ० आणि १० गुण पडले, तर सरासरी किती? ५! (घरी काय सांगायचं ते तू बघ.) खडाही तसाच ५ मीटर जातो. दुसऱ्या सेकंदात वेग १० वरून २० वर, म्हणून १५ मीटर. तिसऱ्यात २५. चौथ्यात ३५.

सगळ्यांना पाचाने भाग बघू. १, ३, ५, ७! अगंबाई, या तर विषम संख्या! आणि त्याही ओळीने!

ही गंमत इटलीतल्या गॅलिलिओने शोधली आणि १६३८ साली पुस्तकात छापली. पण खडा पडतो धाडकन, मोजणार कसा? मग त्याने लाकडाची घसरगुंडीच केली आणि तिच्या खाचेतून कांस्याचा गोळा सोडला. आता सगळं सावकाश!

पण घड्याळ? लंबकाचं घड्याळसुद्धा तेव्हा नव्हतं! मग त्याने मोठ्या भांड्याच्या तळाला बारीक नळी लावली. गोळा सुटला की पाण्याची धार पेल्यात सुरू, गोळा पोचला की धार बंद. आणि पेल्यातलं पाणी चक्क तराजूत तोललं! पाणी जास्त, तर वेळ जास्त. तराजूने वेळ मोजणारा माणूस! मला तर ही युक्ती त्याच्या नियमापेक्षाही जास्त आवडते.

आता परत आपल्या १, ३, ५, ७ कडे! आजीकडून चिंचोके माग. एक ठेव. त्याला दोन बाजूंनी चिकटून ३ लाव. झाला दोन-दोनचा चौकोन! आणखी ५ लाव. तीन-तीनचा! मग ७ लाव. चार-चारचा!

म्हणून विहिरीचं गणित सोपं. दोन सेकंद? दोन-दोनचा चौकोन, चिंचोके ४. एक चिंचोका म्हणजे ५ मीटर. चार पंचे वीस! (डुबुकचा आवाज वर यायला जरासा वेळ लागतो, पण तो इतका थोडा की सोडून देऊ.) तीन सेकंद लागले तर? तू मांड!

आणि चंद्रावर? चौकोन तोच! फक्त चंद्राची ओढ कमी, म्हणून तिथे एका चिंचोक्याची किंमत ८० सेंटिमीटरच्या आसपास. मग २० मीटर खोल खड्ड्यात खडा पडायला किती चिंचोके लागतील? २५! पाच-पाचचा चौकोन, म्हणजे पाच सेकंद!

पण तिथे डुबुक नाही हं. खड्ड्यात पाणी नाही, आणि आवाज वर आणायला हवाही नाही!