कर्ज काढण्याआधी सॉल्व्हरला विचारा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. आणि ज्यांनी ऐकताना "थांब थांब, कुठलं बटण म्हणालास?" असं केलं असेल, त्यांच्यासाठी तर खासच.

आजचा विषय आहे एक्सेलमधला सॉल्व्हर. नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या लॅपटॉपवर एक्सेल असेल तर बहुतेक हे ॲड-इन आधीच येऊन पडलेलं आहे, फक्त चालू केलेलं नाही. आपण बेरजा करतो, रंग भरतो, फिल्टर लावतो आणि एक्सेल येतं म्हणून सांगतो. पण "माझ्याकडे एवढाच वेळ आणि एवढेच पैसे आहेत, तर काय किती करू?" हा प्रश्न एक्सेलला विचारता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

प्रश्न कुठला घ्यायचा? दिवाळीच्या फराळाचा घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, चार जणी मिळून फराळाच्या ऑर्डर घेतात. चकली, चिवडा आणि बेसन लाडू. कच्चा माल, गॅस आणि पॅकिंग वजा जाता किलोमागे चकलीला १२० रुपये सुटतात, चिवड्याला ८० आणि लाडवाला १४०. एक किलो चकलीला भिजवणं, मळणं, सोऱ्याने पाडणं, तळणं धरून ६० मिनिटं लागतात. चिवड्याला २० आणि लाडवाला ४०. किलोमागे कच्चा माल चकलीला १६० रुपयांचा, चिवड्याला १४० चा, लाडवाला २८० चा, कारण तूप.

चौघी रोज साडेपाच तास, पाच दिवस काम करणार. म्हणजे ११० तास, म्हणजेच ६६०० मिनिटं. मालासाठी हातात ४०,००० रुपये. चकलीच्या ४० किलोच्या ऑर्डर आधीच घेतल्यात, त्या द्यायच्याच. चिवडा १२० किलोच्या वर खपणार नाही, लाडू ८० च्या वर नाही.

आणि घरात चर्चा काय चाललीये? "भांडवल कमी पडतंय. पतपेढीतून दहा हजार उचलूया का?"

हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर चुकलं तर दिवाळीनंतर हप्ते भरायचे. म्हणून आधी हिशोब.

सॉल्व्हर चालू कसा करायचा?

विंडोजवर फाइल मेनूत जा, तिथून ऑप्शन्स, मग ॲड-इन्स. खाली 'मॅनेज' असं लिहिलेलं दिसेल, तिथे 'एक्सेल ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. छोटी यादी उघडेल. त्यात 'सॉल्व्हर ॲड-इन' समोर टिक करा आणि ओके. आता वरच्या 'डेटा' टॅबमध्ये उजव्या टोकाला सॉल्व्हर दिसायला लागेल. मॅकवर 'टूल्स' मेनूत 'एक्सेल ॲड-इन्स' आहे, बाकी तसंच. एकदाच करायचं काम आहे, दर वेळी नाही.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, फोनवरच्या एक्सेल ॲपमध्ये सॉल्व्हर नाही. फोनवर तक्ता भरून ठेवा, पण सोडवायला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागेल. दुसरी, एक्सेल विकत घेतलेलं नसेल तर चोरून आणू नका. लिबरऑफिस फुकट आहे. त्याच्या कॅल्कमध्ये 'टूल्स' मेनूतच सॉल्व्हर बसवलेला असतो.

तक्ता मांडूया

पहिल्या ओळीत बी, सी, डी या रकान्यांत नावं लिहा: चकली, चिवडा, लाडू. दुसरी ओळ रिकामी ठेवा. इथे किलो येणार आणि ते सॉल्व्हर भरणार. तिसऱ्या ओळीत किलोमागे नफा, चौथ्यात मिनिटं, पाचव्यात कच्च्या मालाचे पैसे.

आता ई रकान्यात बेरीज. ई३ मध्ये समप्रॉडक्ट हे फंक्शन वापरून दुसरी ओळ गुणिले तिसरी ओळ, म्हणजे एकूण नफा. ई४ मध्ये दुसरी गुणिले चौथी, एकूण मिनिटं. ई५ मध्ये दुसरी गुणिले पाचवी, एकूण खर्च. शेजारी एफ४ मध्ये ६६०० आणि एफ५ मध्ये ४०००० लिहा. फंक्शनचं नाव आणि सेलचे पत्ते अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

झालं. आता सॉल्व्हर उघडा. तो तीन गोष्टी विचारतो.

एक, उद्दिष्ट काय? ई३ द्या आणि 'मॅक्स' निवडा.

दोन, कुठले सेल बदलू? बी२ ते डी२.

तीन, अटी कुठल्या? 'ॲड' दाबून एकेक घाला. ई४ हे एफ४ पेक्षा जास्त नको. ई५ हे एफ५ पेक्षा जास्त नको. बी२ कमीत कमी ४०. सी२ जास्तीत जास्त १२०. डी२ जास्तीत जास्त ८०.

खाली एक टिक असते, बदलणारे सेल शून्याखाली जाऊ नयेत म्हणून. ती राहू द्या. उणे पाच किलो चकली कोणी तळत नाही.

मग पद्धत निवडायची. इथे बरेच जण घसरतात, कारण आधीपासून 'जीआरजी नॉनलिनियर' निवडलेलं असतं. आपला हिशोब सरळ गुणाकार-बेरजेचा आहे, तेव्हा 'सिम्प्लेक्स एलपी' घ्या. पण "५० किलोच्या वर भाव कमी" असलं काही इफ लावून घातलंत, तर हिशोब सरळ राहत नाही आणि सिम्प्लेक्स तशी तक्रार करू शकतो.

'सॉल्व्ह' दाबा. उत्तर येतं: चकली ४० किलो, चिवडा १२०, लाडू ४५. नफा २०,७०० रुपये.

उत्तरात काय दडलंय?

आता गंमत बघा. किलोमागे चिवड्याला सगळ्यात कमी सुटतं, ८० रुपये. तरी सॉल्व्हरने चिवडा शेवटच्या किलोपर्यंत भरला आणि चकली मात्र ऑर्डरपुरतीच ठेवली. का? कारण इथे तुटवडा वेळेचा आहे. तासाचा हिशोब करा: चकली तासाला १२० रुपये देते, लाडू २१०, चिवडा २४०. किलोकडे बघून "चकलीला जास्त सुटतं" म्हणत ६० किलो चकली, ६० चिवडा आणि ४५ लाडू केले असते, तरी ११० तास तेवढेच लागले असते. नफा मात्र १८,३०० झाला असता. तेच हात, तेवढेच तास आणि २,४०० रुपये कमी.

आता ई५ बघा. कच्च्या मालाला लागले ३५,८०० रुपये. ४,२०० रुपये हातात उरलेत! म्हणजे भांडवल कमी पडतच नव्हतं. एफ५ मध्ये ५०००० घालून परत 'सॉल्व्ह' दाबा. नफा तोच, २०,७००. कर्ज काढलं असतं तर वाढलं असतं ते फक्त व्याज.

मग अडलंय कुठे? एफ४ मध्ये ६६०० च्या जागी ६६६० लिहा, म्हणजे एक तास जास्त. नफा होतो २०,९१०. एका तासाची किंमत २१० रुपये. कोणी मदतनीस तासाला १०० रुपयांवर येणार असेल, तर तिचे पैसे देऊन वर ११० उरतात. असे दहा तास घेतले तर १,१०० रुपये निव्वळ वाढतात. त्यानंतर उरलेले ४,२०० रुपयेही संपतात आणि गणित बदलतं. तिथून पुढे मात्र पैशाचा विचार करावा लागेल.

हेच उत्तर एक्सेल न विचारता देतं. सोडवून झाल्यावर जी चौकट येते, तिच्यात उजवीकडे 'सेन्सिटिव्हिटी' हा अहवाल निवडा. त्यात 'शॅडो प्राइस' नावाचा रकाना असतो. मिनिटांसमोर ३.५ दिसेल, म्हणजे मिनिटाला साडेतीन रुपये. पैशांसमोर शून्य. जिथे शून्य, तिथे तुमची अडचण नाही. माझ्या मते सॉल्व्हर शिकायचा तो या एका रकान्यासाठी.

सॉल्व्हर काय करत नाही

तो तुमच्या मनातलं ओळखत नाही. चकलीची ४० किलोची अट घालायला विसरा आणि बघा. तो चकली सुमारे २४ किलोवर आणतो, लाडू ६९ किलोच्या वर नेतो आणि नफा २२,१५० च्या पुढे दाखवतो. कागदावर छान. पण ज्यांना शब्द दिला होता त्या १६ किलोच्या गिऱ्हाइकांना काय सांगणार? शब्द पाळणं ही सुद्धा एक अट आहे आणि ती आपण लिहायची असते.

अटी एकमेकींना छेद देत असतील तर 'फीजिबल सोल्यूशन' सापडलं नाही असं तो सांगतो. चकलीच्या ऑर्डर १२० किलोच्या घेतल्या आणि तास ११० च असले, तर तेच होणार. हे वाईट नाही. ऑर्डर घेण्याआधी कळलं तर उत्तमच.

पूर्ण आकडे हवे असतील, म्हणजे किलोऐवजी डबे किंवा माणसं मोजत असाल, तर अटींच्या यादीत 'इंट' निवडा. हो किंवा नाही असा निर्णय असेल तर 'बिन'. पण लक्षात ठेवा, पूर्णांकाची अट घातली की सेन्सिटिव्हिटी अहवाल मिळत नाही. शिवाय ऑप्शन्समध्ये 'इंटिजर ऑप्टिमॅलिटी' १ टक्का असते, म्हणजे सर्वोत्तमाच्या जवळ पोचला की तो थांबू शकतो. नेमकं उत्तर हवं असेल तर तिथे शून्य करा.

काम मोठं झालं, समजा कॉलेजच्या फेस्टसाठी शंभर स्वयंसेवकांच्या ड्युट्या लावायच्यात, तर एक्सेलचा सॉल्व्हर अडतो. त्याला २०० बदलत्या सेलची मर्यादा आहे. तिथे ओपनसॉल्व्हर वापरा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात तयार झालेलं हे ॲड-इन फुकट आहे. झिप फाइल उतरवली की उघडण्याआधी तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' टिक करा, नाहीतर विंडोज आतले मॅक्रो चालू देत नाही. मग फाइल्स बाहेर काढून ओपनसॉल्व्हरची एक्सेल फाइल उघडा. तोही 'डेटा' टॅबमध्येच दिसतो.

जाता जाता एक गोष्ट. सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डान्ट्झिग यांनी १९४७ साली शोधली. ती तपासायला प्रश्न घेतला होता जेवणाचा: ७७ पदार्थ, ९ पोषक घटक, सगळ्यात स्वस्त आहार कुठला? नऊ कारकून हाताने चालवायच्या यंत्रांवर बसले आणि एकूण १२० माणूस-दिवस लागले. तुमच्या लॅपटॉपला तेवढ्या कामाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. अटी लिहिण्याचं काम मात्र तेव्हाही माणसाचं होतं आणि आजही आहे.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या घरात, दुकानात, मंडळात "पैसे कमी पडतायत" असं कोणी म्हणालं, की एक छोटा तक्ता मांडा आणि शॅडो प्राइस बघा. खरंच पैसे कमी असतील तर आकडा दिसेल. शून्य दिसलं, तर कर्जाचा अर्ज बाजूला ठेवा आणि अडलंय कुठे ते शोधा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर लॅपटॉप उघडा आणि ती एक टिक करून टाका!