जगबुडीची तारीख पुन्हा पुन्हा का ठरते?

उद्या पहाटे जग बुडणार आहे असं तुम्हांला कुणी ठामपणे सांगितलं, आणि तुमचा त्यावर विश्वासही बसला, तर आज रात्री तुम्ही दुधाला विरजण लावाल का? मुलांची फी भराल? हसू नका हं. हे प्रश्न खरोखरच पडलेली माणसं होऊन गेली आहेत, आणि ती काही वेडी नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच संसारी, कामसू माणसं होती.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. तरुणपणी देवधर्माची फारशी पर्वा न करणारा हा गृहस्थ युद्धावरून परतल्यावर बायबलकडे वळला. १८१६ पासून दोन वर्षं त्याने ते ओळ न् ओळ वाचून काढलं. त्यातल्या दानीएलच्या पुस्तकात २,३०० दिवसांचा एक उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली, आणि उत्तर आलं १८४३ च्या सुमाराचं. तेव्हा येशू ख्रिस्त परत येणार आणि हे जुनं जग आगीत शुद्ध होणार! महिनाअखेर हिशेबाची वही पैशाला पैसा जुळली की आपल्याला कसं हायसं वाटतं, तसंच त्याचं झालं असावं. आकडे जुळले की मन शंका घ्यायचं सोडतं.

मिलर स्वभावाने भिडस्त. १८३१ पर्यंत तो जाहीरपणे बोललासुद्धा नाही. पण पुढे बोस्टनचे जोशुआ हाइम्स हे पाद्री त्याला भेटले आणि मग वर्तमानपत्रं काय, भिंतीवर टांगायचे तक्ते काय, प्रचंड तंबू काय, नुसती धूम उडाली. हजारो लोक मागे लागले. १८४३ गेलं, १८४४ चा मार्चही उलटला. तेव्हा दुसऱ्या एका अनुयायाने ज्यूंच्या पंचांगावरून नेमका दिवस काढला : २२ ऑक्टोबर १८४४. मिलर स्वतः अगदी शेवटी शेवटी या तारखेला राजी झाला. कुणी उभं पीक शेतात तसंच ठेवलं, कुणी दुकान बंद केलं, कुणी देणी चुकती केली. (पांढरे झगे घालून हे लोक डोंगरावर जाऊन बसले, ही गोष्ट मात्र टवाळखोरांनी उठवलेली. तिला पुरावा नाही.)

आपण समजतो की असली माणसं भीतीने थरथरत असतील. छे! ती आनंदात होती. ज्याचं मूल गेलं त्याला ते मूल परत भेटणार होतं, ज्याचं दुखणं बरं होत नव्हतं त्याचं दुखणं संपणार होतं. ज्यांना आपण जगबुडी म्हणतो तो त्यांच्या लेखी सुटकेचा दिवस होता. हे ध्यानात घेतलं नाही, तर पुढचं काहीच उमगायचं नाही.

मध्यरात्र झाली, पहाट झाली, काही घडलं नाही. हायरम एडसन या शेतकऱ्याने लिहून ठेवलं आहे की उजाडेपर्यंत सगळे रडत होते. इतिहासात या दिवसाला ‘महानिराशा’ असंच नाव पडलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातून जाताना याच एडसनला उलगडा झाला : तारीख बरोबरच होती, घटना मात्र पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली! बरेच लोक पांगले. पण जे या खुलाशाला धरून राहिले, त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ रीतसर उभा राहिला. पुण्याचं स्पायसर कॉलेज तुम्हांला ऐकून माहीत असेल, ते याच पंथाचं. आणि नाश्त्याचे कॉर्नफ्लेक्स? तेही याच लोकांच्या आरोग्यधामात, डॉ. केलॉग यांच्या देखरेखीखाली जन्माला आले. या पंथाने पुन्हा तारीख म्हणून ठरवली नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

दुसरी गोष्ट एका गृहिणीची. शिकागोजवळ राहणाऱ्या डॉरोथी मार्टिन यांना परग्रहावरून संदेश येत. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि त्याआधी मध्यरात्री उडती तबकडी येऊन भाविकांना घेऊन जाणार, असा तो संदेश होता. तबकडीत धातू चालणार नाही म्हणून मंडळींनी कपड्यांच्या चेन उसवल्या, ब्रेसियरचे हुकसुद्धा काढून टाकले. एका डॉक्टरला या नादात कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. बाईंचे यजमान मात्र त्या रात्री आपल्या खोलीत खुशाल झोपले होते! पहाटे पावणेपाचला नवा संदेश आला : तुम्ही इतका प्रकाश पसरवलात की देवाने जग वाचवलं. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं. भाकीत फसल्यावर श्रद्धा उलट वाढते, असं त्यांचं म्हणणं. अलीकडे, २०२५ मध्ये, त्यांचे जुने कागद तपासून यावर जोरदार आक्षेप घेतला गेला आहे. भक्त म्हणून आत शिरलेल्या निरीक्षकांनीच हस्तक्षेप केला होता आणि मंडळी पुढे लवकरच पांगली, असं दिसतं. तेव्हा श्रद्धा वाढतेच असा नियम करू नये. पण ज्याने नोकरी घालवली, त्याला ‘सारं व्यर्थ होतं’ हे म्हणणं किती जड जात असेल, ते समजायला ग्रंथ नकोत.

आपल्याकडे कलियुग ४,३२,००० वर्षांचं. त्यातली जेमतेम पाच हजारांवर गेली, म्हणजे घाई अशी काही नाही. तरीही १९६२ च्या फेब्रुवारीत ३ ते ५ तारखांना मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा काय झालं ते तुमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. त्या अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञ झाले, अखंड जप झाले. पुण्यात पानशेत फुटून सात महिनेही झाले नव्हते. ‘काही होत नाही’ असं ठासून म्हणायचं कुणी? काहीच झालं नाही, तेव्हा लोक म्हणाले, यज्ञांनी टळलं. ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं, तेव्हा म्हणाले, बघा, ते हेच फळ! म्हणजे टळलं तरी खरं आणि घडलं तरी खरं.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ८९ वर्षांच्या हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे ही तारीख दिली. १९९४ मध्ये एकदा त्यांची तारीख चुकली होतीच. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त माणसाने त्याच्या जाहिरातींवर आपली १,४०,००० डॉलरची पुंजी घातली. मे गेला, मग तारीख २१ ऑक्टोबर झाली. तोही दिवस गेला. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी चूक कबूल केली, असली तारीख सांगणं पाप होतं असंही म्हटलं. पुंजी काही परत आली नाही. खुद्द बायबलमध्ये सांगितलं आहे की तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. पण ते वाक्य कुणाला आठवत नाही.

तुमच्या नात्यात, शेजारात कुणी असल्या तारखेच्या नादी लागलं, तर धर्मावर वाद घालू नका. त्यात ते अधिक पाठ असलेले असतात. फक्त व्यवहार बघा. घर, दागिने, पोस्टातली ठेव, मुलीचं शिक्षण यांतलं काही त्या तारखेपायी मोडलं जातंय का, तेवढं डोळ्यांत तेल घालून पाहा आणि तिथे मात्र ठाम उभ्या राहा. आणि तारीख उलटल्यावर त्या घरी जा. ‘काय, बुडालं का जग?’ असं विचारायला नव्हे. त्या बाईला त्या दिवशी स्वयंपाक सुचलेला नसतो. डबा घेऊन जा.